पद्म पुरस्कारासाठी नामांकन : कागद कसे जमवावेत, आठशे शब्द कसे लिहावेत

पद्म पुरस्कारासाठी कोणीही कोणाचेही नाव सुचवू शकते. फी नाही, आमदार-खासदारांच्या पत्राची अट नाही, स्वतःचे नाव स्वतः भरायलाही मुभा आहे. तरीही इंदुरात दर सव्वीस जानेवारीला पेपरातली यादी वाचून झाली की "आपल्या ताईंचं नाव यंदाही नाही" ही हळहळ ठरलेली. चौकशी करावी तर बहुधा नाव कोणी भरलेलेच नसते. नाही तर भरलेले असते शेवटच्या रात्री, अमृतमहोत्सवाच्या गौरविकेतला मजकूर जसाच्या तसा चिकटवून.

फॉर्म भरणे हे यातले सर्वांत सोपे काम. बसले तर तासाभरात होते. वेळ जातो तो कागद जमवण्यात आणि आठशे शब्दांच्या एका टिपणात. नामांकन सावरते किंवा पडते तेही तिथेच. म्हणून पुढे त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

नाव बसते का, आणि कुठे

हे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. श्रेणी तीन : पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री. पद्मश्री 'विशिष्ट सेवे'साठी, पद्मभूषण 'उच्च कोटीच्या विशिष्ट सेवे'साठी आणि पद्मविभूषण 'असामान्य व विशिष्ट सेवे'साठी. मरणोत्तर पुरस्कार, परदेशी नागरिक आणि परदेशस्थ भारतीय सोडले तर तिन्ही मिळून वर्षाला १२० पेक्षा जास्त पुरस्कार देत नाहीत. देशभरातून येणाऱ्या नावांसमोर ही संख्या ठेवली की पहिल्या नामांकनात पद्मभूषण मागण्याचा मोह आपोआप आवरतो. शहराच्या पातळीवर आयुष्यभर काम केलेल्या माणसासाठी पद्मश्रीच भरावी. एक पद्म मिळाल्यावर वरची श्रेणी साधारणपणे निदान पाच वर्षांनंतरच मिळू शकते. इंदूरचे गोकुळोत्सवजी महाराज यांना पद्मश्री २००७ साली मिळाली, पद्मभूषण २०१५ साली. देवासच्या कुमार गंधर्वांना पद्मभूषण १९७७ मध्ये आणि पद्मविभूषण १९९० मध्ये.

सेवेत असलेले सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी पात्र नाहीत; डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना मात्र सूट आहे. म्हणजे सरकारी शाळेत आज शिकवणाऱ्या गुरुजींचे नाव इथे भरून उपयोग नाही. मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत. फारच मोठे काम असेल आणि निधन अलीकडचे, साधारण वर्षभरातले असेल, तरच विचार होतो. "शताब्दीच्या वर्षी भरू" असे ठरवणाऱ्या संस्थांनी हा नियम दोनदा वाचावा.

क्षेत्रे अशी : कला, समाजकार्य, सार्वजनिक जीवन, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार व उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा, आणि यांत न बसणाऱ्या संस्कृतीरक्षण, वन्यजीव संरक्षण वगैरे कामांसाठी 'इतर'. इंदूर आणि आसपासची नावे पाहिली तर पल्ला कळतो. डॉ. भक्ती यादव (२०१७) वैद्यकात, जनक पलटा मॅकगिलिगन (२०१५) समाजकार्यात, महूचे निर्गुणी भजनगायक भेरूसिंह चौहान (२०२५) कलेत, सुमित्राताई महाजन (पद्मभूषण, २०२१) सार्वजनिक जीवनात.

घोटाळा होतो तो दोन क्षेत्रांत पाय असलेल्या माणसांचा. बालनिकेतन संघाच्या शालिनीताई मोघे यांना १९६८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखे काम आज भरायला घेतले तर एक जण म्हणेल शिक्षण, दुसरा म्हणेल समाजकार्य, आणि दोघांचेही बरोबर असेल. अशा वेळी माणसाचा पेशा पाहू नये, पुराव्याचे वजन पाहावे. शाळा, पाठ्यक्रम, प्रशिक्षित शिक्षक यांचे कागद जास्त असतील तर शिक्षण. वस्त्यांत चाललेली केंद्रे, महिलांचे काम यांचे जास्त असतील तर समाजकार्य. दोन्हीकडे थोडे थोडे लिहून मधेच लटकलेले टिपण कुठल्याच क्षेत्रात नीट वाचले जात नाही.

वाचणारा दिल्लीत बसलेला आहे

नावांची छाननी करणारी पद्म पुरस्कार समिती पंतप्रधान दरवर्षी नेमतात. मंत्रिमंडळ सचिव अध्यक्ष, गृहसचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव सदस्य, शिवाय चार ते सहा नामवंत व्यक्ती. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. राज्य सरकारेही नावे पाठवतात आणि त्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवतात; पण मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीतून नाव गेले काय, न गेले काय, नागरिकाने थेट भरलेल्या नामांकनाला त्याची आडकाठी नसते. दोन्ही वाटा धरायच्या असतील तर मजकूर दोन्हीकडे एकच ठेवा. तारखांत किंवा आकड्यांत फरक दिसला की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

या मंडळींना जेल रोड कुठे, स्नेहलतागंज कुठे, 'आपल्या गणेशोत्सवात ताईंचं गाणं म्हणजे काय असायचं' हे ठाऊक नसते. आपल्याला ते सांगावे लागत नाही, म्हणून ते लिहायचे राहते. आणि जे सगळ्यांबद्दल लिहिता येते तेवढेच कागदावर उरते.

निकषांचा गाभा असा की पुरस्कार दीर्घ सेवेसाठी नाही, विशेष सेवेसाठी आहे. नुसते प्रावीण्य पुरत नाही, प्रावीण्याहून काही अधिक लागते, आणि त्यात लोकसेवेचा अंश असावा लागतो. 'चाळीस वर्षे अखंड सेवा' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक मानपत्रात असते. इथे त्याला जवळपास शून्य किंमत आहे. चाळीस वर्षांत असे काय घडले जे या व्यक्तीवाचून घडले नसते, एवढेच पाहिले जाते. संबंधित क्षेत्रातला राष्ट्रीय, निदान राज्य पातळीवरचा सन्मान आधी मिळालेला असणे इष्ट मानले जाते. मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान, कालिदास सन्मान, तानसेन सन्मान यांसारखे काही गाठीला असेल तर ते वर, ठळक. नसेल तर नामांकन बाद होत नाही. महिला, दुर्बल घटक, दिव्यांग आणि प्रसिद्धीपासून दूर राहिलेले लोक यांच्या बाबतीत काम स्वतःच बोलावे लागते, म्हणजे पुरावा दुप्पट भक्कम हवा.

कधी सुरुवात करायची

२०२५ च्या पुरस्कारांसाठी नामांकने १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ या काळात घेतली गेली. २०२६ साठी खिडकी १५ मार्च २०२५ लाच उघडली आणि शेवटची तारीख ३१ जुलै जाहीर झाली. डोक्यात अजून 'पंधरा सप्टेंबर' बसलेली असेल त्याचे वर्ष फुकट जायचे. दर वर्षीची तारीख मार्चच्या सुरुवातीलाच पोर्टलवर पाहावी.

मार्चमध्ये नामांकन उघडणार असे धरले तर दिवाळी आटोपली की कागद जमवायला लागावे. तीन महिने त्यात सहज जातात, कारण अर्धे कागद दुसऱ्यांच्या कपाटात असतात. महिनाभर टिपण आणि भाषांतर. जून उजाडेपर्यंत फॉर्म जाऊन मोकळे झालेले बरे. शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर गर्दी असते आणि ओटीपी येता येत नाही.

कागद : सगळ्यात मोठा गोंधळ नावाचा

पहिली गोष्ट, आधार कार्डावरचे नाव रोमन लिपीत जसे आहे तसे एका कागदावर उतरवून घ्या. तेच नाव सगळीकडे. मराठी कुटुंबांत इथे हमखास गाडी अडते. लग्नाआधीचे आडनाव वेगळे, कित्येकींचे पाळण्यातले नावही लग्नात बदललेले. १९६२ च्या कार्यक्रमपत्रिकेवर एक नाव, १९७० च्या आकाशवाणीच्या करारपत्रावर दुसरे, गौरविकेत नुसते 'माई'. बाहेरच्या वाचकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. उपाय साधा : टिपणाच्या पहिल्या दोन ओळींत 'विवाहापूर्वीचे नाव अमुक' असे एकदा लिहा आणि पुढे एकच नाव वापरा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर ती फाइलमध्ये ठेवा. रोमन स्पेलिंगचेही तेच. एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे प्रमाणपत्रांवर सापडतात. आधारवरचे ते खरे धरा.

दुसरे, संस्था आणि राज्यांची जुनी नावे. इंदूर होळकर राज्यात होते, १९४८ मध्ये मध्य भारतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशात. इंदूर विद्यापीठ १९६४ चे; त्याला देवी अहिल्येचे नाव १९८८ मध्ये मिळाले. १९६४ च्या आधीच्या पदव्या आग्रा किंवा विक्रम विद्यापीठाच्या असतात. प्रमाणपत्रावर जे छापले आहे तेच लिहा. '१९५५ साली देवी अहिल्या विद्यापीठातून पदवी' असे कोणी हौसेने लिहिले तर ते चूकच ठरते, आणि एक चूक सापडली की वाचणारा बाकीच्या तारखांकडेही संशयाने पाहतो.

कात्रणांचे दुखणे वेगळेच. घरोघरी वह्यांत चिकटवलेली कात्रणे असतात, फोटो नीट, मजकूर नीट, पण कापताना वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख कात्रीत गेलेली. असे कात्रण पुरावा नाही, आठवण आहे. मजकुरात एखाद्या कार्यक्रमाचा किंवा पाहुण्यांचा उल्लेख असतो. त्यावरून वर्ष आणि महिना काढा आणि जुने अंक चाळा. इंदूरच्या मंडळींना भोपाळ जवळ आहे. तिथल्या माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालयात (स्थापना १९८४) जुन्या हिंदी वर्तमानपत्रांचा आणि नियतकालिकांचा मोठा साठा आहे. जाण्याआधी वर्ष-महिना निश्चित करून जावे, नाही तर दिवस फायली उलटण्यात जातो. एवढा खटाटोप प्रत्येक कात्रणासाठी नको. टिपणातला एखादा मोठा दावा ज्यावर उभा आहे अशा पाच-सहांसाठीच.

संस्थांची इतिवृत्ते मात्र कोणी पाहत नाही, आणि खरा ऐवज तिथेच असतो. कार्यकारिणीच्या सभेत 'अमुक ताईंच्या सूचनेवरून बालवाडी-सेविकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू करण्याचे ठरले' अशी तारखेची नोंद म्हणजे कल्पना कोणाची होती याचा सर्वांत चांगला पुरावा. गौरविकेतले दहा लेख त्यापुढे फिके. कार्यवाहांना विनंतीपत्र द्या, संबंधित पानाची प्रत सही-शिक्क्यासह घ्या.

स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरे. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्राचा मोबाइलने फोटो काढू नका, मधोमध ट्यूबलाइटची पट्टी येते. पिवळ्या पडलेल्या कागदाला रंगीत स्कॅन करावे. काळा-पांढरा केला की पिवळेपणा काळा होऊन अक्षर गिळतो. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग विषय, म्हणजे सगळे आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

आकडा कसा काढायचा

'हजारो विद्यार्थी घडवले.' हे वाक्य लिहायच्या आधी हजेरीपट काढा. आणि गुणाकार जपून करा. समजा, गाण्याच्या वर्गात एका वेळी ३२ मुले असतात आणि वर्ग ४० वर्षे चालला. ३२ गुणिले ४० म्हणजे १,२८० असे बहुतेक जण मांडतात. पण मूल सरासरी चार वर्षे शिकत असेल तर ४० वर्षांत दहाच तुकड्या झाल्या, विद्यार्थी ३२०. तेच मूल चार वेळा मोजले गेले होते. ३२० हा आकडा लहान वाटतो म्हणून घाबरू नका. 'चार वर्षे सलग शिकलेले ३२० विद्यार्थी' हे 'हजारों'पेक्षा कितीतरी वजनदार आहे, कारण त्यावर प्रश्न विचारला तर उत्तर देता येते.

समाजकार्यातही हीच गत. आरोग्य शिबिरातल्या उपस्थितीची बेरीज म्हणजे लाभार्थी नव्हेत. तोच माणूस दर शिबिराला आलेला असू शकतो. शिबिरे किती, तपासण्या किती, पुढे उपचार किती जणांना मिळाले, असे तीन वेगळे आकडे द्या. यांतला तिसराच मोलाचा. हजेरीपट वाळवीने खाल्ले असतील तर अंदाज करावा लागतो. तो खालच्या बाजूचा करा आणि 'किमान' हा शब्द लावा.

आठशे शब्दांचे टिपण

फॉर्ममधल्या या वर्णनाची कमाल मर्यादा ८०० शब्दांची आहे. लिहायचे हिंदीत किंवा इंग्रजीत. इंदूरची मराठी माणसे बहुधा मनात मराठी जुळवून हिंदीत उतरवतात, आणि इथे एक हिशेब चुकतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, हिंदीत ते सुटे लिहितात. 'शाळेतल्या मुलांसाठी' हे दोन शब्द. 'स्कूल के बच्चों के लिए' हे पाच. मराठीत मोजून आठशे शब्द लिहिले की हिंदीत ते हजाराच्या पुढे जातात, मग घाईत काटछाट होते आणि नेमके आकडेच कापले जातात. मराठी कच्चा खर्डा साडेपाचशे-सहाशेत आवरा. भाषांतर झाल्यावर मूळची हिंदी असलेल्या एखाद्या शेजाऱ्याला वाचायला द्या; 'संशोधन' सारखा शब्द आपल्या डोळ्यांना खटकत नाही, पण हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती असा होतो.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवावी. पहिले साठ-सत्तर शब्द : व्यक्ती कोण, कुठली, कोणत्या एका कामासाठी हे नाव सुचवले आहे. एकाच. पुढचे अडीचशे शब्द त्या कामावर : कधी सुरू केले, तेव्हा परिस्थिती काय होती, नेमके काय केले, कोणत्या साधनांनी. त्यानंतर दोनशे-अडीचशे परिणामांवर. दीडशे शब्द त्या 'अधिक'साठी, म्हणजे हे काम व्यक्तीबरोबर संपत नाही हे दाखवणारे : ते दुसरीकडे कोणी उचलले, शिकलेले पुढे काय करतात, काय लिहून ठेवले. उरलेल्यात सन्मान आणि प्रकाशने, फक्त महत्त्वाची. जन्म, बालपण, आईवडिलांचे संस्कार, पतीची साथ यांना जागा नाही. ते गौरविकेत शोभते.

एक उदाहरण पाहू. व्यक्ती कल्पित, आकडे नमुन्याचे. आलेला मजकूर असा असतो :

'आदरणीय ताईंनी आपले संपूर्ण आयुष्य संगीताच्या सेवेला वाहिले असून त्यांनी ज्ञानदानाचे पवित्र कार्य निःस्वार्थ भावनेने अखंड चालू ठेवले आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली असंख्य विद्यार्थी घडले असून दिव्यांगांबद्दलची त्यांची तळमळ वाखाणण्याजोगी आहे.'

यात एकही गोष्ट तपासता येत नाही. ताईंच्या जागी कोणाचेही नाव घाला, वाक्ये तशीच चालतील. आता हेच :

'१९८४ पासून इंदूरमधील राहत्या घरी, फी न घेता, शास्त्रीय गायनाचा वर्ग. आठवड्यातून पाच दिवस. हजेरीपटांनुसार ३२० विद्यार्थी किमान चार वर्षे शिकले, त्यांतील ४१ जण आज शाळा-महाविद्यालयांत संगीत शिकवतात. १९९६ पासून दृष्टिहीन मुलांची वेगळी तुकडी. या मुलांना बंदिशी केवळ ऐकून पाठ कराव्या लागत. म्हणून भातखंडे स्वरलिपीतील १२० बंदिशी ब्रेलमध्ये उतरवल्या. हा संच राज्यातील तीन अंधशाळांत वापरला जातो.'

दुसऱ्या मजकुरात स्तुतीचे एकही विशेषण नाही, तरी वाचून माणूस उभा राहतो. 'निःस्वार्थ' ऐवजी 'फी न घेता', 'असंख्य' ऐवजी ३२०, 'तळमळ' ऐवजी ब्रेलमधल्या बंदिशी. अडचण काय होती हे एका वाक्यात आले आहे, आणि म्हणूनच उपायाची किंमत कळते. हे अडचणीचे वाक्य बहुतेक टिपणांत नसते. आणि शेवटची ओळ नीट पाहा : काम ताईंच्या घराबाहेर गेले. समितीला दाखवायचे ते हेच.

टिपण झाले की प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने पुराव्याच्या फाइलचे नाव लिहा. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येत नाही ते खोडा. या कात्रीतून दीड-दोनशे शब्द गळतात आणि टिपण बहुतेक वेळा सुधारते.

पोर्टलवर

नामांकन फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर : अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन. टपालाने पाठवलेली जाडजूड बाइंड केलेली फाइल म्हणजे नामांकन नव्हे, कितीही सोनेरी अक्षरांत छापली तरी.

नोंदणी नामांकन करणाऱ्याच्या नावाने होते. मोबाइल त्याचाच द्यावा आणि तो चालू राहणारा असावा. संस्थेत सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलाचा नंबर दिला की पुढे ओटीपी कोणाकडे जातो ते कळत नाही. पुरस्कारांच्या यादीतून पद्म निवडा आणि काही भरण्याआधी सगळी पाने एकदा उलटून पाहा : कोणते रकाने सक्तीचे, फोटो किती आकाराचा, फाइल कुठे आणि किती मोठी. ते कागदावर टिपून घेऊन मगच भरायला बसावे. मधे मधे मसुदा जतन करत चला.

मजकूर चिकटवताना इंदुरात एक खास अडचण येते. इथल्या छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव, चाणक्य असे जुने फाँट चालतात. त्यांत टाइप केलेला मजकूर पोर्टलवर टाकला की रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसते. टायपिंगवाल्याला सुरुवातीलाच 'युनिकोडमध्ये, मंगल फाँट' असे सांगा, किंवा परिवर्तक वापरून बदलून घ्या. पण परिवर्तनात 'श्र', 'क्ष', रफार आणि आकडे बिघडतात, तेव्हा ओळ न ओळ तपासा. वर्डमधून थेट चिकटवण्यापेक्षा मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकावा आणि तिथून उचलावा, म्हणजे नको ती चिन्हे सोबत येत नाहीत.

अंतिम सादर करण्याआधी फॉर्म छापून दोघांनी वाचावा. त्यातला एक जण टिपण न लिहिलेला असावा. जन्मतारीख, आधारवरचे नाव, क्षेत्र, श्रेणी एवढे तरी बोट ठेवून. सादर केल्यावर नोंदणी क्रमांक आणि पूर्ण फॉर्मची प्रत जपून ठेवा.

काय टाळावे

एकच मजकूर पन्नास जणांकडून भरून घेण्याची टूम निघाली आहे. ही निवडणूक नाही. मते मोजली जात नाहीत. एक नीट केलेले नामांकन पुरते. दुसरे कोणी भरणारच असेल तर त्याने वेगळ्या बाजूने, आपल्या माहितीतले लिहावे.

सन्मानांची यादी फुगवू नका. क्लबांची स्मृतिचिन्हे, समाजाचे 'भूषण', पैसे भरून मिळणारे 'राष्ट्रीय गौरव' थाटाचे पुरस्कार या गर्दीत राज्य शासनाचा एकुलता एक सन्मान हरवतो. यादीत पाचापेक्षा जास्त नावे असतील तर बहुधा काहीतरी उगाच आहे.

"दिल्लीत ओळख आहे, फाइल पुढे सरकवून देतो" म्हणणारे भेटतात. प्रक्रियेत कुठेही पैसे लागत नाहीत. जो मागतो त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आणि ज्यांचे नाव भरायचे त्यांना अंधारात ठेवू नका. निवड होण्याआधी व्यक्तीची पूर्वपीठिका सरकारी यंत्रणांकडून तपासली जाते. जागेचा दावा, संस्थेतला जुना वाद, कुठे चाललेला खटला याबद्दल आधीच सरळ विचारावे. संकोच वाटतो, पण अप्पा-माईंना हे विचारणारे आपण घरचेच आहोत. नंतर विचारणारे परके असतील. आशा मात्र लावून ठेवू नये. "नाव भरतो आहोत, कागद हवेत" एवढेच सांगावे.

ज्यांना पद्म लागू पडत नाही

सेवेत असलेल्या शालेय शिक्षकांसाठी राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आहे. तो शिक्षणमंत्रालयाच्या वेगळ्या पोर्टलवर शिक्षकाने स्वतः भरायचा. ५ सप्टेंबरला दिला जातो, प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये. खासगी शिकवण्या घेणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, ती अपात्रताच आहे. बुडणाऱ्याला, आगीत अडकलेल्याला वाचवणाऱ्या माणसासाठी जीवन रक्षा पदक मालिका आहे. घटनेनंतर दोन वर्षांच्या आत प्रस्ताव जावा लागतो, म्हणून पोलिसांचा पंचनामा आणि प्रत्यक्षदर्शींची नावे त्याच आठवड्यात मिळवावीत. ५ ते १८ वयाच्या मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे; तोही राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरच भरतात.

निकाल आणि त्यानंतर

यादी सहसा २५ जानेवारीच्या संध्याकाळी जाहीर होते. यादीत नाव नसेल तर कारण कळवणारे पत्र येत नाही. पुढच्या वर्षी नव्याने भरावे, पण तोच मजकूर परत नको. वर्षभरात काय नवे झाले ते घाला, कच्चे वाक्य काढा, कमी पडलेला पुरावा मिळवा. त्यासाठी सगळी फाइल एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये न ठेवता संस्थेकडेही एक प्रत असावी.

नाव आले तर समारंभ राष्ट्रपती भवनात, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळते. समारंभांत लावायला पदकाची छोटी प्रतिकृती मिळते. रोख रक्कम नाही, रेल्वे किंवा विमानाच्या भाड्यात सवलत नाही. पत्रकारांना आणि नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

खरी चूक मात्र आपल्याच सत्काराच्या मांडवात होते. पद्म ही पदवी नाही. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्याला किताब देण्यास मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे पुरस्कार वैध ठरवले तेही ते किताब नाहीत म्हणूनच. नावाच्या आधी किंवा नंतर 'पद्मश्री' लावता येत नाही : लेटरहेडवर नाही, निमंत्रणपत्रिकेवर नाही, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. गैरवापर झाला तर पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो. पुरस्कार मिळालेली माणसे सहसा हे पाळतात. राजवाड्यापासून चौकाचौकात फ्लेक्स लावणारे चाहते पाळत नाहीत, आणि उत्तर द्यायची वेळ येते ती ताईंवर. सत्कार समितीने छपाईचा मजकूर एका हातात ठेवावा. फ्लेक्सवर नुसते नाव आणि 'सत्कार समारंभ'. पुरस्काराचा उल्लेख आत परिचयाच्या ओळीत, वर्षासह, एवढेच.